नाव घ्यायचं नाही

१ ऑगस्ट

आज शाळेत नोटीस बोर्डवर कागद लागला. चंद्रपूरच्या एका बालसाहित्य मंडळाने ‘जोडकथा’ नावाची स्पर्धा ठेवली आहे. दोन मित्रांनी किंवा दोन मैत्रिणींनी मिळून एक मोठी गोष्ट लिहायची, विषय मैत्री. निवडलेल्या पाच गोष्टींचं खरोखरचं पुस्तक निघणार, मुखपृष्ठावर लिहिणाऱ्यांची नावं. मोठ्यांनी लिहून दिलेलं चालणार नाही, म्हणून कच्ची वही सोबत जोडायची आणि शेवटी दोघांची मुलाखत.

मी वाचता वाचताच ठरवलं की पाचातली एक गोष्ट माझी. यात गर्व नाही. मी नववीत येईपर्यंत शाळेच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचून काढली आहेत आणि त्यातली निम्मी मैत्रीचीच आहेत. त्यांचं गणित मला पाठ आहे. एक धीट असते, दुसरी भित्री. एक बोलते, दुसरी ऐकते. मधे कधीतरी गैरसमजातून भांडण होतं, आणि तो गैरसमज वाचणाऱ्याला तीन पानं आधीच कळलेला असतो, फक्त त्या दोघींनाच कळत नाही. अशा पोरींचा मला फार राग येतो. एकदा सरळ विचारून घ्यायला काय जातं?

अडचण एकच. जोडीदारीण नाही. प्रणालीच्या बाबांची बदली झाल्यापासून मी बाकावर एकटीच बसते.

४ ऑगस्ट

जोडीदारीण मिळाली. दिव्यानी. जूनमध्येच आमच्या वर्गात आली. मूळची कोरचीकडची, छत्तीसगडला लागून आहे ते. गावाकडे आईबाबांची धानाची शेती आहे. इथे भद्रावतीला मामाकडे राहते, मामा माजरीच्या खाणीत आहेत. वर्गात ती फारसं बोलत नाही. अक्षर मात्र मोत्यासारखं.

मधल्या सुट्टीत मी तिला सगळी योजना समजावून सांगितली. वीस मिनिटं लागली. तिने डबा बंद केला आणि विचारलं, “मले काऊन घेतेस? मले त तुमच्यासारखी मराठी येत नाई.”

मी म्हटलं, “मराठी मी पाहते. तू फक्त लिही.”

“पण मैत्रिणीच पायजेत ना? आपण मैत्रिणी आहोत का?”

असा प्रश्न कोणी तोंडावर विचारतं का! मी म्हटलं, “होऊन जाऊ ना.” ती हसली. समोरचा एक दात थोडा तुटका आहे, त्यामुळे हसली की चांगली दिसते.

९ ऑगस्ट

गोष्टीतल्या मुलींची नावं ठरली. धीट ती बिजली, भित्री ती शांता. बिजली म्हणजे अर्थात मी.

आज दिव्यानीबरोबर शाळेतून आमच्या कॉलनीच्या मागच्या वाटेने येताना झुडपातून रानडुक्कर निघालं. मोठं होतं, आणि थेट आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं. मी प्रसंगावधान राखून लगेच नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर चढले, कारण उंचावरून नीट अंदाज येतो. दिव्यानीने डब्याचं झाकण काढलं आणि डब्यावर आपटत, ओरडत दोन पावलं पुढे गेली. डुक्कर पळालं. मी वरून सांगतच होते की डावीकडे हो.

घरी आल्यावर प्रसंग लगेच लिहून काढला. बिजली झाकण वाजवते आणि शांता कठड्यावर चढून रडते. प्रत्यक्षात कोणी रडलं नव्हतं, म्हणजे फारसं नाही, पण गोष्टीला रंग चढतो. दिव्यानीने वाचलं आणि नुसती मान हलवली. ती ऐकून घेणारी आहे म्हटलं ना.

१७ ऑगस्ट

रविवार. दिव्यानीच्या मामाच्या अंगणात पिवळ्या कनेराचं झाड आहे. त्याखाली सतरंजी टाकून आम्ही पाचवं प्रकरण करत होतो. शांता बिजलीला आपलं गुपित कधी सांगते हे काही केल्या जमेना. तेवढ्यात दिव्यानी उठली, दोन फुलं तोडून आणली आणि म्हणाली, “आपण फूल बदू.”

मी म्हटलं, “कोणाला बदडू?”

मग तिने सांगितलं. त्यांच्या गावाकडे दोन मुलींचं फार जुळलं की त्या एकमेकींच्या कानावर एकच फूल खोवतात, एका पानावरचं खातात, की झाल्या त्या एकमेकींच्या फूल. तिने माझ्या कानावर फूल खोवलं, मी तिच्या. मामींनी पळसाच्या पानावर गूळ-खोबरं दिलं. आमच्या घरी असले विधी नसतात, पण यात पूजा नव्हती, देव नव्हता, खोबरं ताजं होतं. मला आवडलं.

ती पुढे म्हणाली, “आता नाव घ्याचं नाई बरं.” मला हसूच आलं. म्हटलं, मी काय नवी नवरी आहे का उखाण्यात तुझं नाव घ्यायला! तीही हसली, आणि अजून काहीतरी सांगत होती, पण मला नेमकं तेव्हाच प्रकरणाचं शेवटचं वाक्य सुचलं, म्हणून मी ‘हो हो, कबूल’ म्हटलं आणि लिहायला बसले. वाक्य फक्कड जमलं.

१९ ऑगस्ट

दिव्यानीने आज भर वर्गात दारातून “फूल, थांब ना” अशी हाक मारली. कुलदीप मागच्या बाकावरून ओरडला, “कोन्तं फूल? गोभीचं का?” सगळा वर्ग हसला. मी तिला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं की हे असलं शाळेत म्हणायचं नाही. ती म्हणाली, “मंग काय म्हणू?” मी म्हटलं, “काहीही म्हण, पण फूल नको.”  ती “बरं” म्हणाली. समजूतदार आहे.

२८ ऑगस्ट

सात प्रकरणं झाली.

दिव्यानीला एक विचित्र सवय आहे. मी हाक मारली की ती आधी कानाची पाळी धरते आणि मग ओ देते. दर वेळी. फळ्याजवळ असली, सायकलवर असली, तरी एक हात कानाला. मी म्हटलं, “तुझा कान खाजतो का? रात्री कोमट खोबरेल सोड.” तर म्हणाली, “नाई, आदत हाये.” आईला सांगितलं तर आई म्हणाली, “बुरशी झाली असंल.” उद्या तिच्यासाठी थेंबांची बाटली नेणार आहे.

७ सप्टेंबर

आज माझी सगळी दुपार दिव्यानीने लिहिलेली पानं सुधारण्यात गेली. सहावं आणि सातवं प्रकरण तिचं होतं. लिहिलंय बरं. खरं सांगायचं तर काही ठिकाणी फारच बरं. शांता तापाने फणफणलेली असते आणि बिजली तिच्या उशाशी बसून पावसाचं पाणी कौलातून कुठे कुठे गळतंय ते तिला सांगत राहते, ते मी पेन खाली ठेवून दोनदा वाचलं.

पण एक मोठी चूक. या दोन प्रकरणांत शांता बिजलीला एकदाही नावाने हाक मारत नाही. नुसतं ‘तू’, ‘आयक ना’, ‘इकडे पाय’. वाचणाऱ्याला कसं कळणार कोण कोणाला बोलतंय? मी लाल पेनने जिथे जिथे जागा मिळाली तिथे ‘बिजली’ घातलं. पान लालेलाल झालं.

दिव्यानीने पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “हे खोड ना. शांता नाव नाई घेत तिचं.”

“का नाही घेत?”

“तुले मालूम हाये.”

मला काहीच मालूम नव्हतं, पण तसं दाखवणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, “माहीत आहे, पण गोष्टीचे नियम वेगळे असतात.” ती म्हणाली, “असतीन.” आणि पक्कं लिहायला तिनेच घेतलं. प्रत्येक ‘बिजली’ तिने नीट उतरवून काढलं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. मधे मधे थांबत होती. हात दुखत असेल.

२० सप्टेंबर

गोष्ट पाठवली. पक्की प्रत आणि कच्ची वही, दोन्ही.

पोस्टातून येताना एसटी स्टँडवर कुलदीप भेटला. म्हणे, “रश्मी, तुही मैत्रीण तुहं नावच नाई घेत वो. काल सरांनं विचारलं, प्रयोगवहीचं काम कोणासंग केलं, त म्हणे, ‘हिच्यासंग’. अन् बोट दाखवलं.” मी त्याला उडवून लावलं. पण घरी येऊन आठवत बसले आणि लक्षात आलं की खरंच, ऑगस्टपासून तिने मला नावाने हाकच मारलेली नाही. आधी रश्मी रश्मी करायची. आता नुसतं ‘आयक ना’. मी एवढा पुढाकार घेऊन तिला गोष्टीत घेते आणि तिला माझं नाव जड होतं?

सरळ विचारायला हवं. पण आपण होऊन विचारणं म्हणजे आपल्याला लागलंय असं कबूल करणं. तिने सांगावं.

३० सप्टेंबर

आमची निवड झाली! पहिल्या दहात! ११ तारखेला चंद्रपूरला मुलाखत. मुख्याध्यापकांनी परिपाठात आमची नावं वाचली. माझं आधी. मी दिव्यानीला मिठी मारून ओरडले, “दिव्यानी, आपलं पुस्तक!” तिने मिठीतच हात सोडवून कानाला लावला. थेंबांचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

११ ऑक्टोबर

आजचं मी रागाने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल.

सकाळी एसटीने चंद्रपूरला गेलो. सोबत माझे बाबा. टेबलामागे दोघं. वामनराव म्हणून एक जाड चष्म्याचे वयस्कर गृहस्थ आणि रिना मॅडम. मॅडमनी कच्ची वही उघडून आमच्यासमोर ठेवली. “ही लाल शाई कोणाची?”

मी अभिमानाने म्हटलं, “माझी.”

“सहाव्या-सातव्या प्रकरणात नाव नव्हतं. ते वाचायला फार छान वाटत होतं. घातलंस कशाला?”

मी म्हटलं, स्पष्टतेसाठी. त्यांनी वही मिटली. मग वामनरावांनी अर्ज पुढे ओढला. नियम असा की प्रत्येकाने जोडीदाराचं पूर्ण नाव सांगायचं आणि त्याच्याविषयी दोन वाक्यं. मी फाडफाड सांगितलं. दिव्यानीची पाळी आली.

“हं बेटा, तुह्या मैत्रिणीचं नाव सांग.”

ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

“नाव सांग ना, काय नाव हिचं?”

तिने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाली, “नाई घेत.”

“नाई घेत म्हणजे? मालूम नाई का?”

“मालूम हाये. नाई घेत.”

मी तिला कोपराने ढोसलं. शेवटी मोठ्याने म्हटलं, “अगं माझं नाव सांग ना! एवढं काय आहे त्यात?” तिचे डोळे भरले, पण तोंड उघडलं नाही. वामनरावांनी चष्मा काढला आणि बाबांकडे पाहून म्हणाले, “नावापुरती दुसरी पोरगी आणलेली दिसते.” अर्जावर काहीतरी लिहिलं. मॅडम म्हणाल्या, कळवू.

येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. उतरताना मी तिला म्हटलं, “लाल शाईचा बदला घेतलास ना, दिव्यानी? घे. आजपासून तू माझी कोणी नाहीस.”

तिने तेव्हाही कान धरला. दोन्ही हातांनी, दोन्ही कान.

१३ ऑक्टोबर

मी मूर्ख आहे. हे मी शांतपणे, विचार करून लिहिते आहे.

संध्याकाळी तिच्या मामाकडे गेले होते. तिचा कंपास आणि भूगोलाची वही परत करून संबंध संपवायचा, एवढंच मनात होतं. ती चक्कीवर दळण आणायला गेली होती. मामी, अंजनाबाई, तांदूळ निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “ये फूलबेटी, बस. चहा ठेवतो.”

मी म्हटलं, “मामी, मी रश्मी.”

“हो ना, पण आमी कायले नाव घेऊ? तू आमच्या पोरीची फूल.”

आणि मग मी पहिल्यांदा सरळ विचारलं. मामींनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, माहीत असलेलीच गोष्ट सांगावी तसं.

“आमच्या तिकडे फूल बदलं का नाव बंद. मरेपर्यंत. एकमेकीले ‘फूल’च म्हणाचं. नाव घेतलं का फूल मोडलं. मी माह्या फूलचं नाव तीस साल झाले घेतलं नाई, तिच्या लग्नात बी नाई.”

“आणि चुकून घेतलं तर?”

“त लगेच कान धरून माफी मागाची. दोघींपैकी कोणी बी मागितली त चालते.”

 ऑगस्टपासून मी तिला दिवसातून पन्नास वेळा नावाने हाक मारत होते, आणि दर वेळी ती माझ्या वतीने कान धरत होती. आणि मी तिला थेंबांची बाटली दिली! तिला ‘फूल’ म्हणायला मीच बंदी केली आणि वर नाव घेत नाही म्हणून मीच रुसले.

मामी म्हणाल्या, “तिच्या मायनं निरोप धाडला, धान निघालं का फूलबेटीसाठी नवे पोहे पाठवतो म्हणून. फूलची माय म्हणजे तुही बी माय. फूलदाई म्हणाचं तिले.” कोरचीजवळच्या कुठल्यातरी गावात एक बाई दोन महिन्यांपासून मला आपली मुलगी समजते आहे आणि मला पत्ताच नाही. मी रडले. तांदळाच्या सुपात थेंब पडले, तरी मामींनी मला उठवलं नाही.

ती दळण घेऊन आली, दारात थांबली. मी उठले. बोलायला मला कधीच कष्ट पडत नाहीत, पण आज एकच शब्द बोलायचा होता. मी दोन्ही कान धरले आणि म्हटलं, “फूल.”

तिने पिठाचा डबा खाली ठेवला. म्हणाली, “मले वाटलं, तुले सगळं मालूम हाये अन् तरी घेतेस.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तूच त म्हणली होती, हो हो, कबूल.”

आता इथे तिचं नाव लिहायचं नाही. लिहिलेलं चालतं का, हे मामींनाही नक्की माहीत नव्हतं. कशाला जोखीम घ्या.

१४ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर मी घरी जाऊन बाबांच्या फोनवरून रिना मॅडमना सगळं सांगितलं. फूल, कनेर, कान, काही गाळलं नाही, कठड्यावर कोण चढलं होतं तेही. मॅडम म्हणाल्या, “मला पटतंय ग. गोष्ट तर पहिल्या पाचात बसते. पण वामनराव म्हणतात, असं मागून कोणीही सांगेल. अर्जातला रकाना रिकामा ठेवता येत नाही. असं कर, पाच वाजता मी फोन करते. तिला फक्त एकदा नाव घ्यायला सांग, मी ऐकलं म्हणून लिहिते. बाकी कोणाला कळणार नाही.”

मी फूलला घरी बोलावलं आणि मॅडमचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. माझं मत सांगितलं नाही. मला मत नव्हतंच. म्हणजे दोन होती.

तिने विचारलं, “पुस्तक व्हावं असं तुले लय वाटते ना?”

मी खोटं बोलले नाही. मुखपृष्ठावर नाव छापून येणार म्हणून मी गेले दोन महिने झोपेतसुद्धा सही करते आहे. म्हटलं, “लय.”

“मंग ठीक हाये.”

पाच वाजता फोन वाजला. मी स्पीकर लावला. मॅडम म्हणाल्या, “हं बेटा, ऐकते आहे. सांग, तुझ्या मैत्रिणीचं नाव काय?”

फूलने डोळे मिटले. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कानाकडे जाऊ नयेत म्हणून. माफी मागायची नाही असं तिने ठरवलं होतं. मोडायचं तर पूर्ण मोडायचं. माझ्या पुस्तकासाठी. तिचे ओठ उघडले, “र...” एवढं निघालं, आणि मी तिच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरात की तिचा तो तुटका दात माझ्या बोटात रुतला.

“हॅलो? आवाज तुटून राह्यला का?”

मी म्हटलं, “नाही मॅडम. ती घेत होती. मी घेऊ दिलं नाही.”

“अगं, मग गोष्ट बाद होईल ना.”

“होऊ द्या,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला अजिबात ओळखू आला नाही.  मॅडम “बरं बेटा” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फूल माझ्यावर भडकली. मी तिला भडकलेली पहिल्यांदाच पाहिली. “काऊन केलं? मी घेत होती ना! पुन्हा कधी असं पुस्तक भेटंल का तुले?”

मी म्हटलं, “पुस्तक दुसरं लिहू. उद्या बाकावर मी कोणासंग बसणार होती?”

मग आम्ही दोघीही रडलो आणि आईने विचारलं तेव्हा कांदा चिरत होतो असं सांगितलं. स्वयंपाकघरात कांदा नव्हता.

८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली. कोरचीहून पोहे आले, पाच किलोची पिशवी, वर चिठ्ठी, ‘फूलबेटीसाठी’. आईने अर्धे चिवड्यासाठी काढले.

आज नोटीस बोर्डवर निवडलेल्या पाच गोष्टींची यादी लागली. सगळी पोरं तिथेच जमली होती. फूल गर्दीच्या मागे उभी होती. मी पुढे घुसून यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि तिथूनच सगळ्या शाळेसमोर ओरडले, “ए फूल, आपलं नाव नाही!”

कुलदीप हसायला लागला होता. पण त्याच्या आधीच मागून तिचा आवाज आला, वर्गात कधी ऐकू न येणारी ती, मैदानापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “आपल्याले नाव असते कुठी, फूल?”

मला एवढं हसू आलं की मी यादीलाच टेकले आणि तिचा एक कोपरा फाटला.